एसडीआयवरून आयपीवर जाताना: आधी घड्याळ कुणाचं ते ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: एसडीआयचा (चित्र-आवाज एकाच केबलमधून नेणाऱ्या जुन्या पद्धतीचा) राउटर जुना झालाय, सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून एसटी २११० वर, म्हणजे चित्र-आवाज आयपी नेटवर्कवरून पॅकेटांत नेणाऱ्या मानकावर, जायचं घाटतंय. पायलट म्हणून एक पीसीआर (प्रॉडक्शन कंट्रोल रूम) आयपीवर नेलाय. कॅमेरे आणि व्हिजन मिक्सर नवे, पण ग्राफिक्स आणि प्लेआउट अजून एसडीआयवरच आहेत आणि ते गेटवेतून (एसडीआयचं आयपीत रूपांतर करणाऱ्या बॉक्समधून) आत येतात. दिवसभर सगळं सुरळीत चालतं, पण दिवसातून एकदोनदा ग्राफिक्सच्या चित्राला बारीकसा झटका बसतो. कॅमेऱ्यांना काही होत नाही. नेटवर्कवाले छातीठोकपणे सांगतात की एकही पॅकेट गळलेलं नाही, लिंक निम्मीसुद्धा भरलेली नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की नेटवर्कवरून अतिशय अचूक वेळ वाटणाऱ्या पीटीपीचा एवढा बाऊ करायलाच हवा का, संगणकांची घड्याळं जुळवणारं एनटीपी तर आधीपासून आहेच.

एनटीपीचं आधी निकालात काढू. लॉगच्या वेळा जुळवायला, शेड्यूल चालवायला ते उत्तम आहे. चांगल्या लॅनवर मिलिसेकंदाच्या आसपास, कधी त्याहून थोडं बरं, इतपत ते आणून सोडतं. पण १०८०पी५० (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) मध्ये ब्लँकिंग, म्हणजे न दिसणाऱ्या ओळी, धरून सेकंदाला ५६,२५० ओळी असतात, म्हणजे एक ओळ सुमारे १७.८ मायक्रोसेकंदांची. एक मिलिसेकंद चुकलं की ५६ ओळी चुकल्या. ४८ किलोहर्ट्झच्या ऑडिओचा एक सॅम्पल २०.८ मायक्रोसेकंदांचा असतो. पीटीपीच्या एसटी २०५९-२ या प्रसारणासाठीच्या प्रोफाइलने जे उद्दिष्ट ठेवलंय त्यात कुठल्याही दोन उपकरणांमधला फरक एका मायक्रोसेकंदाच्या आत हवा. एनटीपी त्या पंगतीत बसत नाही.

आता एवढ्या बारकाईची गरज का पडते ते बघू. एसडीआयमध्ये घड्याळ वायरीतूनच यायचं. १.४८५ गिगाबिटचा प्रवाह अखंड वाहतो, घेणारा बॉक्स त्या बिटांच्या बदलांवरूनच क्लॉक काढून घेतो, आणि चित्र, आवाज, टाइमकोड एकाच केबलमध्ये एकमेकांना बांधलेले असतात. ब्लॅक बर्स्ट किंवा ट्राय-लेव्हल हा रेफरन्स सिग्नल वेगळा फिरवायचा तो सगळ्यांची फ्रेम एकाच क्षणी सुरू व्हावी म्हणून. आयपीत ही गाठ सुटते. चित्र २११०-२० मध्ये, आवाज २११०-३० मध्ये, अॅन्सिलरी डेटा २११०-४० मध्ये असे तीन वेगळे प्रवाह, कदाचित वेगवेगळ्या वाटांनी येणारे. स्विचच्या रांगेत कोण किती थांबेल ते सांगता येत नाही. त्यांना परत जोडण्यासाठी उरतो तो फक्त प्रत्येक पॅकेटवरचा आरटीपी टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेचा शिक्का. आणि तो मारणाऱ्याचं घड्याळ चुकलं असेल तर जोडणीही चुकते, मग नेटवर्क कितीही स्वच्छ असो.

एसडीआयच्या जगातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं की ग्रँडमास्टर (पीटीपीचं मुख्य घड्याळ) म्हणजे नवा एसपीजी (सगळ्यांना रेफरन्स देणारा सिंक जनरेटर), तो ‘आता फ्रेम सुरू’ असा इशारा सगळ्यांना देतो. तसं होत नाही. तो फक्त वेळ सांगतो. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्री टीएआय (अणुघड्याळांची, लीप सेकंद नसलेली वेळ) मापनात सगळ्या सिग्नलांच्या फेज जुळलेल्या होत्या असं एसटी २०५९-१ मानतं, आणि तिथून आजपर्यंत किती फ्रेम झाल्या हे प्रत्येक बॉक्स स्वतः मोजतो. म्हणजे दोन बॉक्स एकमेकांशी कधी बोललेच नाहीत तरी वेळ बरोबर असेल तर त्यांची फ्रेम एकाच क्षणी सुरू होते. याच मोजणीतून ब्लॅक बर्स्टही काढता येतो. हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या, तुमच्या झटक्याचा धागा तिथेच आहे असा माझा अंदाज आहे.

तुम्ही ग्रँडमास्टर नवा घेतलाय आणि त्याला जीपीएस अँटेना जोडलाय. कॅमेरे आणि मिक्सर त्याच्यावर चालतात. पण ग्राफिक्स मशीनला रेफरन्स कुठून येतो? तुमच्या वर्णनात जुन्या एसपीजीचा उल्लेख नाही, म्हणून मी धरून चालतो की तो जागेवरच आहे आणि स्वतःच्या क्रिस्टलवर निवांत चालतोय. असं असेल तर इमारतीत दोन घड्याळं आहेत. दोन्ही उत्तम, पण वेगळी. गेटवेतला फ्रेम सिंक ही एक टाकी समजा: पाणी आत येतं जुन्या घड्याळाच्या वेगाने, बाहेर जातं नव्याच्या. वेगात तिळाएवढा फरक असला तरी टाकी कधीतरी भरून वाहते किंवा कोरडी पडते, आणि त्या क्षणी एक फ्रेम टाकली जाते किंवा दोनदा दाखवली जाते. हिशेब करून बघा. दोघांत दशलक्षात एक भागाचा फरक असेल आणि फ्रेम ४० मिलिसेकंदांची असेल, तर ती घसरायला ४०,००० सेकंद लागतात. म्हणजे सुमारे अकरा तास. दिवसातून साधारण दोनदा! कॅमेरे आयपीवरच असल्यामुळे त्यांना काही होत नाही, हेही जुळतं. आणि नेटवर्कवाले खरं बोलतायत, पॅकेट गळत नाहीतच.

खात्री करायला काही विकत घ्यावं लागत नाही. झटक्यांच्या वेळा लिहून ठेवा. दोन झटक्यांमधलं अंतर साधारण सारखं निघत असेल तर समजा की दोन घड्याळांचीच भानगड आहे. अगदी मिनिटाला मिनिट जुळणार नाही, कारण रॅक रूमचं तापमान बदललं की क्रिस्टलही हलतो. त्याहून पक्का पुरावा हवा असेल तर वेव्हफॉर्म मॉनिटरला नव्या ग्रँडमास्टरच्या ब्लॅक बर्स्ट आउटपुटचा एक्स्टर्नल रेफरन्स द्या, इनपुटला ग्राफिक्सचा एसडीआय लावा आणि टायमिंगचा डिस्प्ले उघडा. सगळं लॉक असेल तर आकडा खिळून बसेल. नसेल तर तो एकाच दिशेने सरकत राहील. आधी ओळीचा भाग, मग पुढची ओळ, मग त्याच्या पुढची. वर दिलेल्या उदाहरणातल्या वेगाने १०८०आय५० ची (सेकंदाला २५ फ्रेम) एक ओळ सरकायला ३५ सेकंद लागतात, त्यामुळे खुर्ची ओढून चहाचा कप संपेपर्यंत बसलात तरी कळतं. दोनचार सेकंद बघून ‘स्थिर आहे’ म्हणणारे मी बरेच पाहिलेत.

उपाय साधा आहे: जुन्या एसपीजीच्या जेनलॉक इनपुटला (बाहेरच्या रेफरन्सवर लॉक होण्यासाठीच्या इनपुटला) नव्या ग्रँडमास्टरचा ब्लॅक बर्स्ट द्या. बहुतेक चांगले ग्रँडमास्टर तो देतातच. जुन्याला जेनलॉक इनपुट नसेल तर त्याला निवृत्त करा आणि पीटीपीवर लॉक होऊन ब्लॅक बर्स्ट काढणारं उपकरण त्या जागी बसवा. संक्रमण पूर्ण व्हायला वर्षं लागतात, तोवर एसडीआयचं बेट आणि आयपीचं बेट एकाच घड्याळावर चालायला हवं. स्थलांतराच्या आराखड्यात ही ओळ पहिल्या पानावर असावी असं माझं मत आहे. दुर्दैवाने ती बहुतेक ठिकाणी परिशिष्टातही नसते, कारण आराखडा स्विच विकणाऱ्यांच्या सोयीने लिहिलेला असतो.

एसपीजी आधीच लॉक असेल तर माझा अंदाज चुकला. मग पुढचा संशयित ग्रँडमास्टरची अदलाबदल. प्रत्येक उपकरणाच्या पीटीपी पानावर ग्रँडमास्टर आयडी दिसतो. झटक्याच्या वेळी तो बदलला का, हे लॉगमध्ये बघा. पीटीपीत मास्टर कोण हे निवडणुकीने ठरतं, आणि ही निवडणूक कधीच संपत नाही. कुणी नवा आला आणि त्याचे आकडे सरस असले तर तो लगेच गादीवर बसतो. तुलना ठरलेल्या क्रमाने होते: आधी प्रायॉरिटी १ (आपण स्वतः भरतो तो आकडा), मग क्लॉक क्लास (घड्याळ कशावर लॉक आहे याचा दर्जा), मग अचूकता, मग घड्याळाच्या डळमळीचं माप, मग प्रायॉरिटी २, आणि शेवटी आयडी. लहान आकडा जिंकतो.

या क्रमातच एक खड्डा आहे. मुख्य ग्रँडमास्टरला प्रायॉरिटी १ मध्ये १०० आणि राखीवला ११० द्यावं, असं कुणालाही सहज सुचतं. पण क्लॉक क्लास त्याच्यानंतर बघितला जातो. मुख्याचा अँटेना तुटला, तो क्लास ६ वरून ७ वर, म्हणजे होल्डओव्हरला (जीपीएसविना स्वतःच्या क्रिस्टलवर) गेला, आणि हळूहळू भरकटायला लागला, तरी १०० हा ११० पेक्षा लहानच. राखीव बिचारा जीपीएसवर ठणठणीत लॉक असून नुसता बघत बसतो. म्हणून ‘प्रायॉरिटी १’चा आकडा दोन्ही ग्रँडमास्टरना एकच द्या, बाकी सगळ्यांपेक्षा लहान, आणि आपली पसंती प्रायॉरिटी २ मध्ये दाखवा. मग दोघे ठणठणीत असताना तुमच्या पसंतीचा चालतो आणि अँटेना गेला की सूत्रं आपोआप दुसऱ्याकडे जातात. अर्थात दोघांना एकाच अँटेनाचा सिग्नल स्प्लिटरने दिला असेल तर हे सगळं कागदावरच राहतं.

आणखी एक गोष्ट. कोअॅक्समधून सिग्नलला मीटरमागे सुमारे ४ ते ५ नॅनोसेकंद लागतात. एका ग्रँडमास्टरची अँटेना केबल २० मीटर, दुसऱ्याची १२०, आणि केबल डिलेचं सेटिंग दोघांतही शून्य असेल तर दोघांच्या वेळेत कायमचा चारपाचशे नॅनोसेकंदांचा फरक. एक मायक्रोसेकंदाच्या बजेटमधला निम्मा तिथेच उडाला. सेटिंग भरायला दोन मिनिटं लागतात, पण केबल किती लांब आहे ते ओढणाऱ्याला आजच विचारून ठेवा, वर्षभराने कुणाला आठवत नाही.

बाहेरचे उमेदवारही रोखावे लागतात. एका स्टुडिओत ऑडिओ कन्सोल नवा आला, बसवणाऱ्याने मेनूतला ‘प्रिफर्ड मास्टर’चा पर्याय चालू ठेवला, म्हणजे त्याची प्रायॉरिटी १ ग्रँडमास्टरपेक्षा लहान झाली. पीटीपीचा डोमेन (एकमेकांचं ऐकणाऱ्या घड्याळांच्या गटाचा क्रमांक) तर एकच केलेला होता, कारण एसटी २०५९-२ चा डीफॉल्ट १२७ आणि एईएस६७ या आयपी ऑडिओच्या मानकाचा ०, आणि आवाज-चित्र एकत्र चालवायचं तर दोन्ही एका डोमेनवर आणावेच लागतात. कन्सोल चालू झाला आणि अख्खी इमारत त्याच्या क्रिस्टलवर गेली. गंमत म्हणजे सगळ्या स्क्रीनवर ‘पीटीपी लॉक्ड’ असा हिरवा दिवा होता, कारण लॉक होतंच, फक्त भलत्याशी! म्हणून हिरव्या दिव्यावर विसंबू नका, आयडी वाचा. उपकरणांना स्लेव्ह-ओन्ली (फक्त वेळ घेणारं) करा, आणि स्विचच्या ज्या पोर्टना उपकरणं जोडली आहेत त्यांची भूमिका फक्त मास्टरची ठेवा, म्हणजे तिथून आत येणारा अनाउन्स संदेश (मास्टर व्हायची उमेदवारी) निवडणुकीत उतरणारच नाही.

आता स्विचबद्दल. ‘पीटीपी सपोर्ट आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. पीटीपीचा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे: संदेशाला जायला जितका वेळ लागतो तितकाच यायला लागतो. जाण्यायेण्यात फरक पडला तर त्याच्या निम्मी चूक थेट वेळेत शिरते, आणि उपकरणाला ती कळायची काही सोय नाही. १० गिगाबिटच्या पोर्टवर १५०० बाइटचं एक पॅकेट बाहेर पडायला १.२ मायक्रोसेकंद लागतात. पीटीपीचा संदेश अशा एका पॅकेटच्या मागे अडकला की ०.६ मायक्रोसेकंदाची चूक. पीटीपीला ईएफ, म्हणजे डीएससीपी ४६, असं वरचं प्राधान्य जरूर द्या, पण निघालेलं पॅकेट अर्ध्यात तोडून कुणी त्याला वाट देत नाही. त्यात कॅमेऱ्याच्या पोर्टवर गर्दी एकाच दिशेला, त्यामुळे चूक सरासरीत पुसूनही जात नाही. म्हणून वाटेतल्या प्रत्येक स्विचने पीटीपी स्वतः हाताळायला हवं.

ते दोन प्रकारे होतं. ट्रान्स्परंट क्लॉक संदेशात लिहितो की हा माझ्याकडे एवढा वेळ थांबला. बाउंड्री क्लॉक स्वतः वरच्याशी लॉक होतो आणि खालच्यांचा मास्टर बनतो. मी बाउंड्री क्लॉककडे झुकतो, कारण ओझं वाटलं जातं. डीफॉल्टप्रमाणे प्रत्येक उपकरण सेकंदाला ८ डिले रिक्वेस्ट (वाटेतला वेळ मोजण्यासाठीचे प्रश्न) पाठवतं. ५०० उपकरणं थेट ग्रँडमास्टरला विचारायला लागली तर सेकंदाला ४,००० प्रश्न, आणि प्रत्येकाला उत्तर. लहान जागेत, दोनचार स्विच आणि चाळीसेक उपकरणं असतील तर ट्रान्स्परंटनेही भागतं. हे तुमच्या आकारावर अवलंबून आहे, यात धर्मयुद्ध करण्यासारखं काही नाही.

मिडिया नेटवर्कचे दोन आजार वेळेशी संबंधित नसूनही तसेच भासतात, म्हणून सांगतो. पहिला: प्रवाह जोडला की लगेच चित्र येतं आणि चारेक मिनिटांनी गुपचूप जातं. त्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या त्या विभागात) आयजीएमपी क्वेरिअर, म्हणजे कुणाला कोणता प्रवाह हवा ते विचारत राहणारा, नसतो. ‘अजून कुणाला हवंय का’ असं विचारणारं कुणी नाही, म्हणून स्नूपिंग करणारा (ही उत्तरं ऐकून प्रवाह वाटणारा) स्विच डीफॉल्ट २६० सेकंदांनी नोंद पुसतो. दुसरा: पाठवणारा पॅकेट एकसारख्या अंतराने न सोडता गठ्ठ्याने सोडतो. १०८०पी५० च्या एका ओळीचे चार पॅकेट धरले तर सेकंदाला २,१६,००० पॅकेट होतात, म्हणजे सरासरी ४.६ मायक्रोसेकंदांना एक. नेटवर्कवाल्यांचा आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवतो. त्यात ‘लिंक निम्मी’ दिसत असताना एखाद्या मिलिसेकंदात बफर फुटलेला असू शकतो. आलेख सोडा, पोर्टच्या रांगेतला ड्रॉपचा काउंटर बघा, आणि पाठवणारा एसटी २११०-२१ च्या नॅरो गटात (पॅकेट एकसारख्या अंतराने) बसतो की वाइड (सैल अंतराने), ते विचारून घ्या. सॉफ्टवेअरवर चालणारी ग्राफिक्स यंत्रं बहुधा वाइड असतात, आणि घेणारा फक्त नॅरोच झेलत असेल तर त्या जोडीचं जमणार नाही.

दोन नेटवर्क उभारून एसटी २०२२-७ (एकच प्रवाह दोन्ही वाटांनी पाठवायची पद्धत) घेणार असाल, आणि घ्याच, तर दोन्ही ग्रँडमास्टर दोन्ही नेटवर्कना जोडा. लाल नेटवर्कला एक आणि निळ्याला दुसरा, अशी वाटणी चित्रात नीटनेटकी दिसते, पण एकाचा अँटेना गेला की दोन नेटवर्कची वेळ दोन दिशांना जाते. आणि २०२२-७ हरवलेलं पॅकेट दुसऱ्या वाटेने मिळवून देतं, एवढंच त्याचं काम. टाइमस्टॅम्प चुकीचा असेल तर दोन्ही वाटांनी तोच चुकीचा येतो.

मुळात आयपीवर जावं का, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. एक-दोन स्टुडिओ, सगळं एचडी, पुढच्या काही वर्षांत वाढीची शक्यता नाही, असं असेल तर नवा एसडीआय राउटर घेण्यात काही कमीपणा नाही. १२जी एसडीआयवर यूएचडीही एका केबलमध्ये जातं. आयपीचा फायदा दिसायला लागतो तो जागा अनेक असतील, स्टुडिओ एकमेकांची साधनं वापरणार असतील, किंवा ऑडिओचे शेकडो प्रवाह सुटे सुटे फिरवायचे असतील तेव्हा. बँडविड्थचा हिशेब त्या मानाने सोपा आहे: १० बिट ४:२:२ मध्ये १०८०आय५० ला १.०४ गिगाबिट, १०८०पी५० ला २.०७, यूएचडी ५०पी ला ८.३, वर हेडरचे थोडे. माणसांचा हिशेब अवघड. रात्री पीटीपीचा लॉग वाचू शकेल असा निदान एक माणूस प्रत्येक पाळीत हवा, मग तो इंजिनिअरिंगचा असो वा आयटीचा.

पायलट हातात आहे तोवर त्याला छळून घ्या. अँटेनाची केबल काढा आणि क्लॉक क्लास बदलतो का, राखीव सूत्रं घेतो का, ते बघा. मुख्य ग्रँडमास्टर बंद करा, आणि तो परत चालू केल्यावर काय होतं तेही बघा, कारण परत आलेला मास्टर गादी परत मागतो, म्हणजे एका बिघाडात बदल दोनदा होतो. दोन्ही अँटेना काढून रात्रभर होल्डओव्हरवर ठेवा. सकाळी जीपीएस जोडल्यावर ग्रँडमास्टर वेळ हळूहळू सरकवतो की एकदम उडी मारतो, हे सेटिंग असतं आणि प्रसारण चालू असेल तर सरकवणारंच हवं. याच वेळी टाइमकोडही बघून घ्या. कुठे तो भिंतीवरच्या घड्याळाशी नेमका ३७ सेकंदांनी चुकत असेल तर शोधाशोध नको: टीएआय आणि यूटीसी (रोजच्या घड्याळांचा आधार) यांच्यात २०१७ पासून तेवढंच अंतर आहे, कुणीतरी ते वजा करायला विसरलंय.

तुमच्या झटक्यासाठी आधी वेव्हफॉर्म मॉनिटरवरचा आकडा सरकतो का तेवढं बघा. सरकत असेल तर जेनलॉकची एक केबल आणि काम झालं. सरकत नसेल तर झटक्याच्या वेळा, त्या वेळचा ग्रँडमास्टर आयडी, गेटवेवरचा ऑफसेट (मास्टरशी वेळेचा फरक) आणि मीन पाथ डिले (संदेशाला वाटेत लागणारा सरासरी वेळ) एवढं लिहून पाठवा. पाथ डिलेने झटक्याच्या वेळी उडी मारली असेल तर वाटेत कुठेतरी पीटीपी न कळणारा एखादा स्विच बसलेला आहे, आणि तो बहुधा आराखड्यात नसलेला, कुणीतरी ‘तात्पुरता’ लावलेला असतो.